काशीच्या अंगणातले हरिकेन

जुन्या वस्तू जपाव्यात की टाकून द्याव्यात, हा वाद आपल्या घरोघरी होतो. माळ्यावरची पत्र्याची पेटी नातवंडांना अडगळ वाटते. आजीला मात्र तीत एक सबंध आयुष्य दिसते. दोघांचेही खरे असते. वस्तूचे मोल वस्तूत नसते, ते तिची हकिगत ठाऊक असणाऱ्यांत असते. हकिगत सांगणारा गेला की पेटी खरोखरच अडगळ होते. अशाच एका अडगळीची कथा आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. ही अडगळ म्हणजे एक लढाऊ विमान होते, आणि ते अर्धशतकाहून अधिक काळ आपल्याच देशात, काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या आवारात पडून होते.

विमानाचे नाव हॉकर हरिकेन आणि क्रमांक आर ४११८. सिडनी कॅम या अभियंत्याने रचलेल्या या जातीच्या विमानाने ६ नोव्हेंबर १९३५ रोजी पहिले उड्डाण केले. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर लाकडी पट्ट्या आणि मागच्या भागावर ताणून बसविलेले कापड, अशी त्याची घडण होती. नाकाशी रोल्स-रॉइसचे बारा सिलिंडरांचे मर्लिन इंजिन आणि पंखांत आठ मशीनगन. त्याच काळातले स्पिटफायर दिसायला देखणे आणि वेगवान. कीर्तीही त्यालाच अधिक लाभली. परंतु १९४० च्या ब्रिटनच्या हवाई लढाईत जी शत्रूविमाने पडली, त्यांतील निम्म्याहून अधिक हरिकेननी पाडली होती. शिवाय कापडाला पडलेले भोक कापडानेच बुजविता येई. सकाळी जखमी झालेले विमान बऱ्याचदा थोडक्या दुरुस्तीने पुन्हा आकाशात जाई. युद्धात हा गुण सौंदर्याहून मोठा ठरतो.

ग्लॉस्टर कंपनीने बांधलेले आर ४११८ ऑगस्ट १९४० मध्ये स्कॉटलंडमधील ड्रेम येथे ६०५ क्रमांकाच्या स्क्वाड्रनकडे आले. वॉरिक परगण्याचे नाव लावणारी ही स्क्वाड्रन १९२६ साली बर्मिंगहॅमजवळ कॅसल ब्रॉमिच येथे उभी राहिली. तिची मुळे राखीव दलातली होती. आठवडाभर नोकरीधंदा करावा आणि शनिवार-रविवारी विमान चालवायला शिकावे, अशा नागरिकांची ती. डंकर्कच्या दिवसांत तिने पुष्कळ सोसले होते आणि उसंत मिळावी म्हणून तिला उत्तरेकडे धाडले होते. ती उसंत ७ सप्टेंबर १९४० रोजी संपली. लंडनवर प्रचंड बॉम्बवर्षावाला ज्या दिवशी आरंभ झाला, त्याच दिवशी ही स्क्वाड्रन लंडनच्या दक्षिणेस क्रॉयडनला उतरली.

तेथून पुढच्या काही आठवड्यांत एकट्या आर ४११८ ने ४९ मोहिमा केल्या. पाच शत्रूविमाने पाडल्याचे श्रेय त्याच्या नावावर आहे. ते कोणा एका वैमानिकाचे नव्हते. ज्याची पाळी असे तो ते घेऊन जाई. त्यांपैकी बॉब फॉस्टर हे विशीतले तरुण होते. पुढे ते ऑस्ट्रेलियात डार्विनच्या रक्षणासाठी लढले. स्क्वाड्रनचे नेतृत्व सप्टेंबरअखेरीस आर्ची मॅकेलर या ठेंगण्या स्कॉटिश तरुणाकडे आले. युद्धापूर्वी तो भिंतींना गिलावा करण्याचे काम शिकला होता. १ नोव्हेंबर १९४० रोजी तो केंट परगण्यात पडला. सरकारी हिशेबाप्रमाणे ब्रिटनची लढाई आदल्याच दिवशी, ३१ ऑक्टोबरला, संपली होती. एका दिवसाच्या फरकाने त्या लढाईतील हुतात्म्यांच्या यादीत त्याचे नाव आले नाही. इतिहासाच्या वह्या अशाही लिहिल्या जातात.

पुढे विमानाची आणि माणसांची वाट वेगळी झाली. १९४१ च्या अखेरीस स्क्वाड्रनला पूर्वेकडे पाठविले गेले. मार्च १९४२ मध्ये जावा बेट पडले, तेव्हा तिचे बरेचसे लोक जपान्यांच्या हाती सापडले आणि त्यांतील कित्येक बंदिवासातच मरण पावले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये त्याच नावाने नवी स्क्वाड्रन उभी करण्यात आली.

आर ४११८ मात्र प्रशिक्षण केंद्रांतून फिरत राहिले आणि डिसेंबर १९४३ मध्ये खोक्यांत भरून हिंदुस्थानास रवाना झाले. ते साल आपण विसरता कामा नये. त्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसे अन्नावाचून मेली. धान्यासाठी जहाजे नाहीत असे सांगितले जात होते. युद्धसामग्री मात्र समुद्रमार्गे येतच होती. त्या सामग्रीतले हे विमान इथे येऊन कधी उडालेच नाही! १९४७ साली ते काशीच्या विद्यापीठास अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी देण्यात आले. नंतर ते उघड्यावर राहिले. ऊन, पाऊस आणि वर्षे त्यावरून गेली.

१९८२ मध्ये जुन्या रोल्स-रॉइस मोटारींच्या शोधात हिंडणाऱ्या एका इंग्रज गृहस्थास ते दिसले. त्यांनी चिकाटी सोडली नाही. वर्षानुवर्षे पत्रव्यवहार आणि परवानग्या झाल्या, आणि २००१ मध्ये विमान इंग्लंडला परत गेले. सफोकमधील कारागिरांनी त्याचा सांधा न् सांधा उलगडला. चांगले होते ते राखले, कुजले होते ते नव्याने घडविले. २३ डिसेंबर २००४ रोजी त्याने पुन्हा आकाश पाहिले. बॉब फॉस्टर तेव्हा हयात होते. २०१४ मध्ये ते वारले, परंतु आपले जुने विमान त्यांना पुन्हा पाहता आले.

ही कथा वाचून आम्हांला आनंद झाला, आणि थोडी खंतही वाटली. विमान परत गेले ते योग्यच झाले. ज्यांची माणसे त्यात बसून लढली, त्यांच्याइतकी त्याची किंमत आणखी कोण जाणणार? पण हरिकेनशी आपलेही नाते आहे. मोहिंदरसिंग पुज्जी यांनी १९४१ मध्ये इंग्लंडच्या आकाशात पगडी घालून हे विमान चालविले. अर्जनसिंग यांच्या नेतृत्वाखाली भारतीय हवाई दलाच्या पहिल्या स्क्वाड्रनने १९४४ मध्ये इंफाळच्या लढाईत हीच विमाने वापरली. दिल्लीत पालमच्या संग्रहालयात एक हरिकेन जपून ठेवलेले आहे. तरीही या माणसांची नावे आपल्या मुलांना ठाऊक नाहीत. दुसऱ्याच्या राजवटीसाठी लढले म्हणून आपण त्यांच्याकडे थोडी पाठ फिरविली, असे आम्हांला वाटते. जपानची स्वारी इंफाळपर्यंत आली होती आणि त्यांनी राखलेली भूमी आपलीच होती, हे त्या नादात मागे पडले.

काशीच्या विद्यार्थ्यांना आम्ही दोष देत नाही. त्यांच्यापुढे एक जुने यंत्र होते. त्याची हकिगत त्यांना कोणी सांगितलीच नव्हती. क्रमांक विमानावरच होता, पण तो वाचू शकणारा माणूस यायला पस्तीस वर्षे लागली.

आपल्या वाचकांपैकी कोणाच्या घरी त्या युद्धातले एखादे पदक, पत्र किंवा गणवेशातला फोटो असेल, तर मागच्या बाजूला नाव आणि साल लिहून ठेवावे, एवढीच आमची विनंती. ज्येष्ठ आज सांगू शकतात, तोवर विचारून घ्यावे. लोखंड पुन्हा घडविता येते. न विचारलेली हकिगत मात्र माणसाबरोबरच जाते.