आजोबांचा स्वातंत्र्यदिन

राष्ट्रीय सणांचा इतिहास पाहूं लागलों म्हणजे आपली दृष्टि सहसा दिल्लीकडे वळते. परंतु सण टिकतो तो घरांत, आणि घरांत तो टिकविणारीं माणसें बहुधा वयस्क असतात. ठाणें, कल्याण आणि डोंबिवली या गांवांविषयीं तर हें विशेष खरें आहे. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून आगगाडी ठाण्यास आली. पुढच्याच वर्षीं ती कल्याणास पोंचली. आणि कालांतरानें येथील कर्ती पिढी रोज सकाळीं मुंबईस जाऊं लागली. नातवंडें मागें राहिलीं, तीं आजी-आजोबांच्या हातीं. म्हणूनच १५ ऑगस्ट किंवा २६ जानेवारीस नातवाचें बोट धरून इमारतीच्या आवारांत झेंडावंदनास येणारे आजोबा, आणि घरीं परतल्यावर जिलबीची पुडी सोडणारी आजी, हें इकडील परिचित दृश्य आहे.

अशा सकाळीं मुलें एक प्रश्न हटकून विचारतात: हा सण वर्षांतून दोनदां कां? एक स्वातंत्र्याचा आणि दुसरा प्रजासत्ताकाचा, एवढ्या उत्तरानें शाळेचें काम भागतें. आमच्या मतें खरी गोष्ट त्याच्या पुढें आहे.

डिसेंबर १९२९ मध्यें लाहोर येथें राष्ट्रसभेनें पूर्ण स्वराज्याचा ठराव केला, आणि जानेवारीचा शेवटचा रविवार, म्हणजे २६ जानेवारी १९३०, हा स्वातंत्र्यदिन म्हणून पाळावयाचें ठरलें. त्या दिवशीं गांवोगांवीं सभा भरल्या व लोकांनीं प्रतिज्ञा घेतली. पुढें १९४७ पर्यंत हाच आपला स्वातंत्र्यदिन होता; मात्र स्वातंत्र्य अद्याप यावयाचें होतें. त्या काळांत वाढलेला एखादा वृद्ध पुढेंही २६ जानेवारीसच स्वातंत्र्यदिन म्हणत राहिला असेल, तर त्याची चूक काढण्यापूर्वीं थोडा विचार करावा.

१५ ऑगस्ट ही तारीख मात्र माउंटबॅटन यांनीं ठरविली. १९४५ सालीं त्याच दिवशीं जपाननें शरणागति जाहीर केली होती, आणि पूर्वेकडील दोस्त सेनेच्या या माजी सेनापतीस ती तारीख स्मरणीय वाटत होती. आपल्या लोकांनीं स्वतः निवडलेला दिवस अशा रीतीनें मागें पडला. पण तो विसरला गेला नाहीं. राज्यघटना २६ नोव्हेंबर १९४९ रोजींच स्वीकृत झाली असतां तिचा पूर्ण अंमल दोन महिने थांबविला गेला, तो २६ जानेवारी साधण्याकरितां. एक तारीख जाणाऱ्यानें दिली, दुसरी आपण आधींच निवडून ठेविली होती. एवढें सांगितलें तर दहा वर्षांच्या मुलासही दोन झेंडावंदनांचा अर्थ कळेल.

याच्या पुढील पाठ गांवांतच मिळतो. ठाण्याचा तुरुंग हा मूळचा किल्ला. पोर्तुगीजांनीं आरंभिलेला, १७३७ सालीं मराठ्यांनीं जिंकलेला आणि १७७४ सालीं इंग्रजांनीं घेतलेला. येथेंच १९ एप्रिल १९१० रोजीं, नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधाबद्दल, अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांना फांशी देण्यांत आलें. कान्हेऱ्याचें वय अवघें अठरा होतें. ज्या भिंतीवरून मुलांची शाळेची गाडी जाते, तिच्या आंत काय घडलें हें त्यांना कोणीं तरी सांगावयास हवें.

कल्याणनजीकच्या लष्करी छावणीची कथा निराळी आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांस तेथें आश्रय मिळाला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं त्या वसाहतीस उल्हासनगर हें नांव देण्यांत आलें. तेथील आजीच्या लेखीं १५ ऑगस्ट हा घर मिळाल्याचा नव्हे, घर सुटल्याचा स्मरणदिन होता. दोन स्टेशनांच्या अंतरावर राहणाऱ्या दोन मुलांना एकाच दिवसाच्या अशा दोन हकीकती ऐकावयास मिळाल्या असतील, आणि त्या दोन्ही खऱ्या आहेत.

परंतु हे साक्षीदार आतां झपाट्यानें कमी होत आहेत. १९४७ सालीं आठ वर्षांचें असलेलें मूल आज पंचाऐंशी ओलांडून गेलें आहे. आज झेंडावंदनास येणारे बहुतेक आजोबा स्वातंत्र्यानंतर जन्मले. त्यांनीं तो दिवस पाहिलेला नाहीं, आपल्या वडिलांच्या तोंडून ऐकलेला आहे. साक्षीदाराचें काम पाहिलेलें सांगण्याचें. वारसाचें काम त्याहून कठीण. त्यास ऐकलेलें पडताळावें लागतें, आणि नातवंडांच्या डोळ्यांतील कौतुक पाहून गोष्टींत पदरचें भर घालण्याचा मोह आवरावा लागतो. लहान मुलें आजोबांच्या शब्दावर पूर्ण विश्वास ठेवितात, म्हणून ही जबाबदारी अधिक आहे.

आजोबांनीं व्याख्यान द्यावें असें आमचें म्हणणें नाहीं. येत्या २६ जानेवारीस जिलबी वाटून झाल्यावर नातवानें पुन्हां तोच प्रश्न केला, तर त्यास लाहोर, ठाण्याचा तुरुंग आणि कल्याणची छावणी या तीन जागांची नांवें तरी सांगावीत.