केटी, ड्रॉप, एक्झिट, क्रेडिट: कॉलेजच्या ऑफिसमधले शब्द नीट समजून घ्या

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, राहायला भिवंडीजवळच्या वळ गावात. वळ, राहनाळ, पूर्णा, काल्हेर हा सगळा गोदामांचा पट्टा आहे. ऑनलाइन मागवलेलं पार्सल मुंबईत पोचण्याआधी बऱ्याचदा इथल्याच एखाद्या गोदामातून निघतं. त्यामुळे आमच्याकडच्या पोरांसमोर कॉलेजच्या वयात कायम एक दुसरा पर्याय असतो, पॅकिंग किंवा सॉर्टिंगचं काम. दिवाळीच्या सेलचा सीझन आणि पहिल्या-तिसऱ्या सेमिस्टरच्या परीक्षा साधारण एकाच सुमारास येतात. मग एक-दोन विषय राहतात आणि घरी सांगितलं जातं, "कॉलेज सोडलं."

पण "सोडलं" म्हणजे नक्की काय? एटीकेटी, इयर डाऊन, ड्रॉप की एक्झिट? या चार वेगळ्या गोष्टी आहेत. कुठे एक पेपर परत द्यावा लागतो, कुठे वर्ष जातं, तर कुठे हातात सर्टिफिकेट येतं. अर्थ माहीत नसल्यामुळे हातात असलेला पर्याय सोडून देणारे मी बरेच बघितलेत. म्हणून आज ॲप-बिप बाजूला ठेवून हे शब्द बघू. (शेवटी फोन लागणारच आहे.)

आधी क्रेडिट, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे

क्रेडिट म्हणजे अभ्यासाचं वजन मोजायचं एकक. थिअरीचे साधारण १५ तास म्हणजे १ क्रेडिट, प्रॅक्टिकलचे ३० तास म्हणजे १ क्रेडिट. विषय पास झालात की त्याचे क्रेडिट तुमच्या खात्यात जमा. नापास झालात तर त्या विषयाचे शून्य, पण बाकीच्या विषयांचे जमा झालेले कुठे जात नाहीत.

राज्य सरकारच्या २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयानुसार बीए, बीकॉम, बीएस्सीसारख्या कोर्सना एका सेमिस्टरला २० ते २२ क्रेडिट असतात, म्हणजे वर्षाला ४० ते ४४. नवीन शैक्षणिक धोरणाची ही रचना स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून आली. तुमचा मोठा भाऊ त्याआधी शिकलेला असेल तर त्याचे नियम तुम्हाला लागू नाहीत. हे घरात आधी सांगून टाका.

स्वायत्त आणि संलग्न यातला फरकही इथेच सांगतो. संलग्न कॉलेजचे नियम विद्यापीठ ठरवतं, भिवंडीकडच्या कॉलेजांसाठी म्हणजे मुंबई विद्यापीठ. स्वायत्त कॉलेज सिलॅबस आणि परीक्षा स्वतः ठरवतं, डिग्री मात्र विद्यापीठाचीच मिळते. म्हणून ठाण्याच्या मित्राचा केटीचा नियम तुमच्या कॉलेजात चालेलच असं नाही.

एटीकेटी ही शिक्षा नाही

एटीकेटीचा फुल फॉर्म अलाऊड टू कीप टर्म्स. म्हणजे काही विषय राहिलेत, तरी पुढच्या वर्गात बसायची परवानगी आहे. आपण बोलताना "केटी लागली" म्हणतो आणि चेहरा पाडतो, पण शब्दाचा मूळ अर्थ "थांबू नकोस, पुढे जा, राहिलेलं नंतर दे" असा आहे. बाकीच्या ठिकाणी यालाच बॅकलॉग म्हणतात.

या परवानगीला मर्यादा असते. किती विषयांपर्यंत किंवा किती क्रेडिटपर्यंत पुढे जाता येईल, हे कोर्सनुसार आणि प्रवेशाच्या वर्षानुसार ठरतं. मर्यादा ओलांडली की इयर डाऊन, म्हणजे राहिलेलं निघेपर्यंत पुढच्या वर्षाला प्रवेश नाही. बऱ्याच कोर्सेसमध्ये तिसऱ्या वर्षाला जाताना पहिलं वर्ष पूर्ण क्लिअर असावं लागतं. त्यामुळे दोन केटी असतील, एक पहिल्या वर्षाची आणि एक दुसऱ्या, तर पहिल्या वर्षाची आधी काढा. सोपी कुठली आहे ते नंतर बघा.

अजून एक. बऱ्याच कोर्सेसमध्ये इंटर्नल आणि लेखी परीक्षेत वेगवेगळं पास व्हावं लागतं. लेखीत चांगले मार्क असूनही "फेल" दिसत असेल तर आधी इंटर्नलचा रकाना बघा. पुष्कळदा असाइनमेंट जमा न केल्याचा प्रकार असतो आणि तो पेपर परत देण्यापेक्षा खूप लवकर मिटतो.

टर्म ग्रँट हा शब्द मात्र गंभीर आहे. हजेरी ७५ टक्क्यांखाली गेली की नाव डिफॉल्टर लिस्टमध्ये येतं, आणि टर्म ग्रँट झाली नाही तर परीक्षेलाच बसता येत नाही. रात्रपाळी करून सकाळच्या लेक्चरला दांडी मारणाऱ्यांचं खरं नुकसान इथे होतं, पेपर अवघड गेल्यामुळे नाही.

ड्रॉप आणि एक्झिट

ड्रॉप घेतला म्हणजे तुम्ही यायचं थांबलात. फॉर्म भरला नाही, फी भरली नाही, संपलं. एक्झिट ही अधिकृत प्रक्रिया आहे. पहिल्या वर्षाचे ४० ते ४४ क्रेडिट पूर्ण करून, वर ४ क्रेडिटचा कौशल्याचा कोर्स किंवा इंटर्नशिप केली की यूजी सर्टिफिकेट मिळतं. दोन वर्षांनंतर ८० ते ८८ क्रेडिट आणि वरचे ४ झाले की यूजी डिप्लोमा. तीन वर्षांचे १२० ते १३२ म्हणजे पदवी. चौथं वर्ष केलं तर १६० ते १७६ क्रेडिटवर ऑनर्स.

बाहेर पडल्यावर तीन वर्षांच्या आत परत प्रवेश घेता येतो, आणि पूर्ण पदवी जास्तीत जास्त सात वर्षांत संपवायची असते.

आता खरा मुद्दा. समजा एका मुलीचे पहिल्या वर्षाचे ४४ पैकी ४० क्रेडिट झालेत, एकच चार क्रेडिटचा विषय राहिलाय आणि घरात पैशांची अडचण आहे. तिने नुसतं जाणं बंद केलं तर कागदावर ती "बारावी पास"च राहते. तिच्या कोर्सला ४४ लागत असतील, तर तो एक विषय काढून आणि वरचे ४ क्रेडिट करून तिला विद्यापीठाचं सर्टिफिकेट मिळू शकतं, शिवाय परत यायचा रस्ता उघडा राहतो. माझं स्पष्ट मत आहे की पहिल्या वर्षाचं सर्टिफिकेट नोकरीच्या बाजारात फार मोठं नाही. पण ते नसण्यापेक्षा असलेलं बरं, आणि परत यायचा रस्ता त्याहून महत्त्वाचा.

कामाचेही क्रेडिट असतात. तिसऱ्या वर्षात ओजेटी म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग असतं, साधारण ४ क्रेडिट, म्हणजे १२० तास. गोदामातलं काम यात बसू शकतं का? कॉमर्स किंवा लॉजिस्टिक्सच्या मुलाचं इन्व्हेंटरीचं काम विषयाला धरून आहे. पण कॉलेजची मंजुरी आधी घ्यावी लागते. काम करून झाल्यावर पत्र नेऊन उपयोग नाही.

मेजर, मायनर, ओई फार अवघड नाही. मेजर हा मुख्य विषय, मायनर हा जोडीचा. ओई म्हणजे ओपन इलेक्टिव्ह, हा दुसऱ्या शाखेतला घ्यायचा असतो. कॉमर्सवाल्याला कॉम्प्युटरची तोंडओळख इथे करून घेता येते. जागा भरण्याआधी निवड करा, नाहीतर उरेल ते घ्यावं लागतं.

क्रेडिटचं बँक खातं, तुमच्या फोनमध्ये

एबीसी म्हणजे ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, २०२१ पासून सुरू. कमावलेले क्रेडिट इथे नोंदवले जातात आणि जास्तीत जास्त सात वर्षं वापरता येतात. आयडी १२ अंकी असतो, आता त्यालाच अपार आयडी म्हणतात. काढायचा असा: डिजिलॉकर ॲपमध्ये आधारने लॉगिन करा, सर्चमध्ये एबीसी किंवा अपार शोधा, कॉलेज किंवा विद्यापीठ, प्रवेशाचं वर्ष आणि रोल नंबर किंवा रजिस्ट्रेशन नंबर भरा. पाच मिनिटांचं काम.

या खात्यात तुम्ही स्वतः काही जमा करू शकत नाही. क्रेडिट विद्यापीठच अपलोड करतं. म्हणून आयडी काढून गप्प बसू नका, तो नंबर कॉलेजला द्या. आणि नाव तपासा! आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी असतं, आधारवर बऱ्याचदा शेवटी. त्यात स्पेलिंगचा एका अक्षराचा फरक असला की माहिती जुळत नाही. डेटाबेस जुळवायचं काम मी रोज करतो, त्यामुळे सांगतो, कॉम्प्युटरला "हा तोच मुलगा" असं आपोआप कळत नाही. नावातली चूक पहिल्याच वर्षी दुरुस्त करून घ्या.

एसजीपीए, सीजीपीए आणि टक्के

एसजीपीए एका सेमिस्टरचा, सीजीपीए आतापर्यंतच्या सगळ्यांचा. ही साधी सरासरी नाही, क्रेडिटच्या वजनाने काढलेली आहे. उदाहरण बघा: ४ क्रेडिटच्या विषयात ग्रेड पॉइंट ६, आणि २-२ क्रेडिटच्या दोन विषयांत ९-९. साधी सरासरी ८ येते. पण क्रेडिटने गुणलं तर २४ अधिक १८ अधिक १८, म्हणजे ६० भागिले ८, उत्तर ७.५. आता उलट करा, मोठ्या विषयात ९ आणि छोट्या दोघांत ६-६. साधी सरासरी ७ दिसते, पण एसजीपीए तोच ७.५! परीक्षेच्या आदल्या आठवड्यात वेळ कुठे घालवायचा, हे या गणितावरून ठरवा.

सीजीपीएला ९.५ ने गुणून टक्के काढू नका. ते सूत्र सीबीएसईच्या दहावीचं होतं. तुमच्या विद्यापीठाचं सूत्र मार्कशीटच्या मागे किंवा परिपत्रकात असतं, तेच वापरा. रिझल्टवर शंका असेल तर आधी उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवा, मग रीव्हॅल्युएशनचं ठरवा. दोन्हीची मुदत रिझल्टच्या तारखेपासून चालू होते.

शेवटच्या वर्षाला कंपन्यांच्या फॉर्मवर "नो ॲक्टिव्ह बॅकलॉग" असं दिसेल. याचा अर्थ आज एकही केटी बाकी नसावी. पूर्वी लागली होती आणि निघाली, म्हणजे आपल्या भाषेत डेड केटी, तर ही अट तुम्हाला अडवत नाही. "नो हिस्टरी ऑफ बॅकलॉग" लिहिलं असेल तरच डेड केटीही मोजतात. हा एक शब्द न वाचता फॉर्म सोडून देणारी पोरं दरवर्षी असतात.

काही अडलं तर विचारायचं कोणाला? शैक्षणिक गोष्टींसाठी मेंटॉर शिक्षक, मार्क आणि केटीसाठी एक्झाम सेल, एबीसीसाठी कॉलेजचे नोडल ऑफिसर. बऱ्याच कॉलेजांत तुमच्या नावापुढे कोणीतरी मेंटॉर लिहिलेला असतो. कोण आहे ते ऑफिसात विचारून घ्या, आणि जाताना मार्कशीटचा फोटो फोनमध्ये ठेवा.