ट्रॅक्टरवाल्याकडे कॉन्टेसा

समजा, आजोबांची कॉन्टेसा नागपुरात घरामागे ताडपत्रीखाली उभी आहे. इंजिन जाम झालंय. गाडी विकायची नाही, एवढं घरात ठरलंय. आता ते इंजिन उघडून, झिजलेलं नीट करून, पुन्हा बांधून देणारा भरवशाचा माणूस शोधायचा आहे. कंपनीकडे जायचा प्रश्नच नाही, हिंदुस्थान मोटर्सने २००२ मध्ये कॉन्टेसा बंद केली. जुन्या गाड्या चकाचक करून देणारी, त्यांची रील्स टाकणारी गॅरेजं आहेत, पण त्यातली बरीच रंग, क्रोम आणि सीटकव्हरांत रमलेली असतात. रंग फोटोत दिसतो. बेअरिंगमधली फट दिसत नाही.

माझं उत्तर थोडं विचित्र वाटेल. ट्रॅक्टरची इंजिनं बांधणाऱ्याकडे जा. का, ते समजायला सत्तर-ऐंशी वर्षं मागे जावं लागतं.

आधी ‘मसल कार’ या शब्दाचं बघू, कारण कॉन्टेसाला हल्ली सगळे ‘देशी मसल कार’ म्हणतात. १९६४ साली पॉन्टिअ‍ॅक या अमेरिकन कंपनीने टेम्पेस्ट नावाच्या मध्यम आकाराच्या गाडीत ३८९ घन इंचांचं, म्हणजे साधारण ६.४ लिटरचं व्ही-८ इंजिन बसवलं आणि त्याला जीटीओ नाव दिलं. मध्यम गाडी, अवाढव्य इंजिन आणि नोकरीला लागलेल्या पोराला झेपेल अशी किंमत. दहाएक वर्षांत प्रदूषणाचे नियम, विम्याचे हप्ते आणि १९७३चं तेलसंकट यांनी तो खेळ आटोपला. पण तेवढ्यात तिथे ‘इंजिन बिल्डर’ ही एक वेगळी, मानाची जमात तयार झाली होती. डेटोना बीचचा स्मोकी युनिक हा त्यातला सगळ्यात गाजलेला. ‘गावातलं सगळ्यात भारी गॅरेज’ अशा अर्थाची पाटीच त्याने लावली होती. या लोकांच्या हाताशी गावोगावची मशीन शॉप्स होती, कॅटलॉगमधून पिस्टनपासून कॅमशाफ्टपर्यंत काहीही घरपोच येत होतं. मुबलक सामानातून सर्वोत्तम काय ते निवडायचं, ही त्यांची कला.

आपला मिस्त्री याच्या अगदी उलट टोकाला घडला.

मोठ्या अमेरिकन गाड्या आपल्याकडे नव्हत्या असं नाही. जनरल मोटर्स १९२८ पासून मुंबईत शिवडीला गाड्या जुळवत होती. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि स्वातंत्र्याच्या सुमारास कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लिमथ, डिसोटो बाहेर पडायला लागल्या. मग १९५३ साली टॅरिफ कमिशनने सांगितलं की ज्यांच्याकडे इथेच टप्प्याटप्प्याने गाडी बनवण्याची योजना आहे त्यांनीच धंद्यात राहावं, नुसते आयात सुटे भाग जोडणाऱ्यांनी नाही. जनरल मोटर्सने १९५४ मध्ये गाशा गुंडाळला. पुढची तीसेक वर्षं गाडी म्हणजे अ‍ॅम्बेसेडर, फियाट, फार तर स्टँडर्ड.

पण ज्या शेवरोले आणि प्लिमथ आधीच रस्त्यावर होत्या त्यांचं काय? भाग येणं बंद. गाडी फेकून देणंही अशक्य, कारण दुसरी मिळायला वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे. अनेकांनी त्यात पर्किन्सचं डिझेल इंजिन बसवलं. अमेरिकन थाटाची लांबलचक गाडी आणि आतून खडखड खडखड. आज शौकिनांना हा अपराध वाटतो. मला वाटत नाही. त्या माणसांना गाडी चालवायची होती, तिचं म्युझियम करायचं नव्हतं.

या टंचाईला तोंड द्यायला नागपूर बऱ्यापैकी तयार होतं. १ जानेवारी १८७७ रोजी इथे एम्प्रेस मिल सुरू झाली होती. मोतीबागेत नॅरोगेज रेल्वेचा वर्कशॉप होता. आज तिथे छोटं रेल्वे म्युझियम आहे, आणि वाफेचं इंजिन जवळून पाहायला मिळतं. गिरणी आणि रेल्वे म्हणजे फिटर, टर्नर, लोहार. लेथवर भाग घडवणारे हात शहरात मोटारीच्या आधीपासून होते. शिवाय उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम असे दोन्ही महामार्ग इथेच एकमेकांना छेदतात. कोळसा, मँगनीज, संत्री, कापूस, सगळं ट्रकवर. अमरावती रोडवरची वाडी बघा, किंवा कामठी रोडवरचा ऑटोमोटिव्ह चौक. त्या चौकाच्या नावाचं तर आता मेट्रो स्टेशन आहे. ट्रक बिघडला की तो मुंबईला नेऊन दुरुस्त करता येत नाही, जिथे बसला तिथेच उठवावा लागतो.

आणि मग एसटी. महाराष्ट्राची पहिली एसटी १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर धावली. त्या सुरुवातीच्या ताफ्यात शेवरोले, फार्गो, बेडफर्ड, स्टुडबेकर, मॉरिस, अल्बियन, लेलँड अशी सगळी वरात होती. प्रत्येकीचे नट वेगळे, बेअरिंग वेगळं. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला आणि इथली सरकारी बससेवाही त्याच महामंडळात गेली. एसटीच्या तीन मध्यवर्ती कार्यशाळांपैकी एक आज हिंगण्याला आहे, दापोडी आणि चिकलठाण्याच्या जोडीची.

आता प्रत्यक्ष काम काय असतं ते सांगतो, कारण विश्वासाचा घोळ तिथेच आहे.

सिलिंडर आतून सगळीकडे सारखा झिजत नाही. वरच्या भागात, जिथे स्फोटाचा दाब जास्त आणि ऑइल कमी, तिथे जास्त झिजतो. गोल भोक हळूहळू अंडाकृती आणि वर रुंद, खाली अरुंद होतं. मग ते थोडं मोठं करून पुन्हा गोल करायचं आणि त्यात मोठ्या मापाचा पिस्टन टाकायचा, याला बोअर करणं म्हणतात. मापं ठरलेली असतात: वीस थाऊ, चाळीस थाऊ, साठ थाऊ. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यात शेवटी दोन-तीन थाऊंची फट ठेवायची, म्हणजे डोक्यावरच्या एका केसाएवढी. कमी ठेवली तर मे महिन्यात वर्धा रोडवर इंजिन धरतं. जास्त ठेवली तर खडखडतं आणि ऑइल पितं.

गंमत अशी की हे काम आपल्याकडे एक माणूस करतच नाही. मिस्त्री इंजिन खोलतो. ब्लॉक, क्रँक आणि हेड रिक्षात टाकून बोरिंगवाल्याकडे जातात. तो बोअर करतो, क्रँक ग्राइंड करतो, हेड प्लेन करतो. सगळं परत येतं आणि मिस्त्री बांधतो. महिन्याभरात धूर यायला लागला की मिस्त्री म्हणतो, “बोरिंगच चुकलं भाऊ.” बोरिंगवाला म्हणतो, “माप बरोबर होतं, रिंगा त्याने उलट्या टाकल्या.” खरं कोणाचं, हे तुम्हाला कधीच कळत नाही. म्हणून एकटा चांगला मिस्त्री शोधून भागत नाही. जोडी शोधावी लागते, आणि ती जोडी बरीच वर्षं एकमेकांचं काम अंगावर घेत आलेली असावी लागते.

टंचाईच्या काळात अशा जोड्या आपोआप टिकल्या. अ‍ॅम्बेसेडरचं इंजिन तिच्या आयुष्यात दोन-तीनदा सहज निघायचं. मालक तोच, मिस्त्री तोच, गाव तेच. नाव खराब झालं तर जाणार कुठे?

मग डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, आणि १९८४ मध्ये कॉन्टेसा. एकीचं इंजिन ७९६ सीसी, दुसरीचा देह इंग्लंडच्या व्हॉक्सहॉलच्या जुन्या मॉडेलवरून घेतलेला, ऐसपैस, रुबाबदार. पण बॉनेटखाली सुरुवातीला अ‍ॅम्बेसेडरचंच १४८९ सीसीचं बीएमसी इंजिन, पन्नासच्या आसपास अश्वशक्तीचं. पहिलवानाच्या अंगात मुनिमाचं काळीज. पुढे इंदूरजवळच्या पिथमपूरला बनणारं इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन आलं, ऐंशीच्या वर अश्वशक्ती देणारं, तेव्हा कुठे तिला तिचा आवाज सापडला. तरी त्या जुन्या बीएमसीला अगदीच नावं ठेवू नका. त्याच घराण्याचं १४८९ सीसी इंजिन १९५५ साली एमजीए नावाच्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये होतं आणि तिथे सत्तरच्या आसपास अश्वशक्ती देत होतं. लोखंड तेच. हेड, कार्ब्युरेटर आणि बांधणारा हात वेगळा.

मारुती आणि तिच्यानंतर आलेल्या गाड्यांनी मिस्त्रीची गरज कमी केली, आणि ते ग्राहकाच्या भल्याचंच होतं. नवी इंजिनं लाख-दोन लाख किलोमीटर उघडावी लागत नाहीत. बिघडलीच तर कंपनी ‘हाफ इंजिन’ बदलून देते. त्यामुळे शहरातल्या कार गॅरेजमध्ये आज स्कॅनर असतो, बोअर गेज नसतो. तरुण मेकॅनिकने स्वतः क्रँक मोजलेला असतोच असं नाही. त्याचा दोष नाही, तशी वेळच त्याच्यावर आली नाही.

इंजिन उघडून पुन्हा बांधणं रोजच्या पोटापाण्याचं कुठे राहिलं? ट्रॅक्टर, ट्रक, जनरेटर यांच्याकडे. आणि तिथे विश्वासाची परीक्षाही कडक असते. ट्रॅक्टरचं इंजिन ऐन पेरणीत बसलं तर शेतकऱ्याचा हंगाम जातो. तो गूगलवर एक तारा देऊन गप्प बसत नाही. भावकी घेऊन दुकानासमोर उभा राहतो आणि गावात सगळ्यांना सांगतो. तरीही वीस वर्षं ज्याचं दुकान चालू आहे, त्याच्याबद्दल याहून चांगलं शिफारसपत्र मला तरी माहीत नाही.

अर्थात ट्रॅक्टर म्हणजे कॉन्टेसा नाही. ट्रॅक्टरच्या बहुतेक इंजिनांत सुटा लायनर असतो, झिजला की काढून नवा टाकायचा. कॉन्टेसाच्या बीएमसी ब्लॉकमध्ये भोक थेट लोखंडात आहे, तिथे मशीनवर चूक झाली की ब्लॉकच जातो, मग स्लीव्ह टाकण्याची वेळ येते. ट्रॅक्टर दोन-अडीच हजार आरपीएमवर आयुष्य काढतो, पेट्रोल इंजिन त्याच्या दुप्पट फिरतं. ट्रॅक्टरवाल्याच्या हाताला थोडी सैल फट ठेवायची सवय असते. तेव्हा त्याला ‘बघून घ्या उस्ताद’ म्हणून मोकळं होऊ नका. मॅन्युअलमधली मापं लिहून न्या. ती बघून जो वैतागतो तिथून निघा. जो चष्मा लावून वाचतो आणि मग ‘पिस्टन आधी आणा, पिस्टन मोजून मगच बोअर करतो’ असं म्हणतो, त्याच्याकडे थांबा. जुन्या स्टॉकच्या डब्यावर छापलेलं माप आणि आतला पिस्टन यांचं नेहमी जुळेलच असं नाही, हे त्याने अनुभवाने शिकलेलं असतं. डुप्लिकेट मालाबद्दल तर बोलायलाच नको.

असा माणूस इंजिन उघडण्याआधी पक्का आकडा सांगत नाही. ब्लॉकवर रॉकेल चोळून, पुसून, वर खडू फिरवतो. बारीक चीर असेल तर आतलं रॉकेल खडूवर ओलं उमटतं. बदललेले जुने भाग पिशवीत घालून तुम्हाला परत देतो.

एक गोष्ट मात्र तुम्हीच सांभाळायची, ती म्हणजे ब्लॉकवर ठोकलेला इंजिन नंबर. काम सुरू होण्याआधी त्याचा फोटो काढा, आणि परत येईल तो ब्लॉक तोच आहे का बघा. आरसीवर तो नंबर असतो, आणि इंजिन बदललं तर आरटीओच्या परवानगीने नोंद करावी लागते. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ ही वेगळी नंबर मालिका आणली. नवी नोंदणी २०,००० रुपये, दहा वर्षांनी फेरनोंदणी ५,०००. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात असावी, चॅसी, बॉडी, इंजिनात मोठे फेरबदल नसावेत. पहिल्या कॉन्टेसा त्या वयाला २०३४ मध्ये पोचतील. आज स्वस्तात दुसरं इंजिन कोंबून दिलेली गाडी तेव्हा त्या दारात अडू शकते.

इंजिन बांधून झाल्यावर पहिले हजारेक किलोमीटर सबुरीने चालवायची असतात, रिंगा आणि सिलिंडर एकमेकांना बसेपर्यंत. पूर्वी अशा गाड्यांच्या मागच्या काचेवर ‘रनिंग इन’ असा कागद चिकटवलेला असायचा, म्हणजे मागच्याने हॉर्न मारू नये. हे किलोमीटर उन्हाळ्यात काढायला जाऊ नका. नागपूरचा मे पंचेचाळीसच्या वर जातो आणि जुन्या कार्ब्युरेटरवाल्या गाड्यांत पेट्रोलची पंपातच वाफ होऊन गाडी चौकात बंद पडते. त्यावर ओलं फडकं ठेवायचा उपाय अ‍ॅम्बेसेडरवाल्या पिढीला पाठ होता.

आणि काम टाकायलाही मे-जून टाळा. मृगाआधी या दुकानांसमोर ट्रॅक्टरची रांग असते, तिच्यात तुमच्या कॉन्टेसाचा नंबर शेवटचा. लागायलाही तोच हवा. पेरण्या आटोपल्या, पोळा झाला, दुसऱ्या दिवशीची मारबत निघून गेली, की दुकान जरा मोकळं होतं.