पंचाचा कान आणि नियमाचे पुस्तक

गेल्या महिन्यात एका रविवारी आमच्या चिंचवडच्या घरी एक तंटा माझ्यापुढे निवाड्यासाठी आला. माझा नातू आणि त्याचे चार मित्र टेबलाभोवती बसून खेळत होते. या खेळात एक जण सूत्रधार होऊन कथेतील प्रसंग सांगतो. इतर जण पात्रे होऊन आपण काय करणार ते बोलतात. आणि यशापयश फाशांवर ठरते. एकाचे पात्र फाशांच्या हिशेबाने दरीत कोसळले होते. सूत्रधार म्हणे, त्याच्या हाती झाडाची फांदी लागली. दुसरा पुस्तकावर बोट ठेवून म्हणे, असा नियम कोठेच नाही. "आजोबा, तुम्हीच सांगा," असा आग्रह झाला.

हा तंटा त्या मुलांना वाटतो त्याहून पुष्कळ जुना आहे. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यातील राइसवित्झ नामक लेफ्टनंटाने नकाशावर खेळावयाच्या युद्धाचे नियम प्रसिद्ध केले. पलटणीची चाल, तोफांचा मारा, मनुष्यहानी हे सारे त्याने कोष्टकांत व फाशांत बांधले आणि दोन्ही पक्षांमध्ये एक पंच बसविला. पुढे हे नियम जड वाटू लागले. तेव्हा १८७६ साली व्हेर्दी द्यु व्हेर्न्वा या प्रशियन सेनाधिकाऱ्याने कोष्टके बाजूस सारून निर्णय अनुभवी पंचावर सोपवावा, असा पुरस्कार केला. १९७४ साली अमेरिकेत गायगॅक्स व आर्नेसन यांनी प्रसिद्ध केलेला 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा नातवाच्या खेळाचा मूळपुरुष. तो युद्धखेळांच्याच कुळातला. त्यामुळे हा वादही त्याला वारशाने मिळाला.

आपल्या महाराष्ट्रात मात्र प्रवास नेमका उलट दिशेने झाला. आपला हुतूतू प्रथम पंचाच्या मुखात होता, मागाहून तो पुस्तकात आला. संजीवनी प्रकारात बाद गडी पुन्हा जिवंत होई; गामिनीत बाद तो बादच; अमर प्रकारात बाद झालेलाही मैदान सोडीत नसे, केवळ गुण मोजले जात. गावातल्या गावात याने काही अडत नसे, कारण पंच ओळखीचा आणि रीत सर्वांना ठाऊक. परंतु परगावचा संघ समोर उभा राहिला की त्याच पंचाचा निर्णय पक्षपात वाटू लागे. म्हणूनच विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत महाराष्ट्रातील व बडोद्यातील क्रीडाप्रेमी मंडळींनी नियम लिहून काढले. बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याचा १९२३ सालचा उद्योग या कामी प्रसिद्धच आहे. पुढे १९५० साली अखिल भारतीय संघटना उभी राहिली आणि कबड्डी हे नाव सर्वत्र रूढ झाले.

या नियमांचे मोल मी स्वतः अनुभवले आहे. मी पिंपरीच्या कामगार वसाहतीतील एका शाळेत शिक्षक होतो. कारखान्यांच्या ओढीने कोकण, सातारा, नगर, विदर्भ येथून आलेल्या कुटुंबांची मुले एकाच मैदानावर उतरत, आणि प्रत्येकाचा हुतूतू निराळा असे. डाव सुरू होण्यापूर्वीच भांडण जुंपे. अखेर मी छापील नियम मोठ्याने वाचून दाखविले, तेव्हा कोठे खेळ लागला.

परंतु त्याच पुस्तकाने मला एकदा चुकविले. एका सामन्यात मी पंच होतो. अंगाने बारीक असा एक मुलगा चढाईस गेला, दोन गडी टिपून परत वळला, आणि नेमका त्याच क्षणी पाळी बदलण्याचा भोंगा वाजला. मला त्याचा दम ऐकू आला नाही. दम पंचास ऐकू आला पाहिजे, हा नियम; मी त्याला बाद दिले. "गुरुजी, दम सुटला नव्हता," एवढेच तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी प्रतिपक्षाच्याच एका मुलाने येऊन तेच सांगितले. तोवर उशीर झाला होता. तो मुलगा पुन्हा मैदानावर आला नाही.

नियमाने मी बरोबर होतो, न्यायाने चुकलो. नियम लिहिणाऱ्यास भोंगा ठाऊक नव्हता, मला तो ठाऊक होता. ती चढाई पुन्हा घ्या, असे म्हणण्यास मला कोणाची परवानगी लागली नसती. आज व्यावसायिक सामन्यांत चढाईस तीस सेकंदांची मर्यादा आहे, चित्रफीत पाहून फेरनिर्णय होतो. तरीही दम सुटला की नाही, हे कोणाला तरी ऐकावेच लागते.

अपरिचितांस एकत्र खेळता यावे म्हणून नियम असतो. नियमकर्त्याला जे दिसले नाही, त्यासाठी पंच असतो. म्हणून मी नातवास म्हणालो, "पुस्तक जेथे बोलते तेथे पुस्तकाचे ऐका. ते मोडावयाचे झाल्यास सूत्रधाराने कारण सर्वांसमक्ष सांगावे, आणि उद्या दुसऱ्या कोणावर तोच प्रसंग आला तर त्यालाही तीच फांदी द्यावी." मुलांनी ते मान्य केले. फाशांचा आवाज पुन्हा सुरू झाला. मला मात्र त्या मुलाचा न ऐकलेला दम आठवत राहिला.