सांगड ते सेलबोर्ड: किती किलोला किती लिटर?

घोटीजवळची दारणा पुढे जाऊन गोदावरीला मिळते. या संगमाच्या बरंच खाली, 1803च्या ऑगस्टमध्ये, आर्थर वेलस्ली आपली फौज घेऊन भर पुरात गोदावरी ओलांडत होता. 12 ऑगस्टला नगरचा किल्ला त्याच्या हातात आला होता, आसईची लढाई महिनाभरावर होती, आणि मधे नदी फुगलेली. त्याच्याकडे पूल नव्हता. त्याने वापरल्या त्या टोपल्या. तुंगभद्रेवर चालतात तशा, बांबूच्या विणीवर कातडं चढवलेल्या गोल नावा; कानडीत हरिगोलु. दहा फूट व्यास, सव्वादोन फूट खोली असं माप त्याने ठरवून दिलं होतं.

आता माझ्यातल्या इंजिनिअरला राहवत नाही. सरळ भिंतीची टोपली धरली तर तिचं आकारमान निघतं साधारण 177 घनफूट, म्हणजे 5000 लिटर. गोड्या पाण्यात एक लिटर पाणी बाजूला सारलं की एक किलो उचललं जातं, म्हणजे कागदावर पाच टन. पण पाच टन भरले तर पाणी काठाला येतं आणि पहिलीच लाट आत शिरते. तळ गोलसर, कातड्याचं स्वतःचं वजन वेगळं. त्यामुळे शहाणा नावाडी निम्म्यावरच थांबणार. पुस्तकांत आपल्याला वेलस्ली भेटतो; निम्मं म्हणजे किती हे नजरेने ओळखणारे लोक भेटत नाहीत.

मराठीत हे ज्ञान एका शब्दात शिल्लक आहे: सांगड. आज आपण अभ्यासाची आणि नोकरीची सांगड घालतो. मुळात सांगड म्हणजे दोन होड्या किंवा दोन वाळके भोपळे एकत्र बांधून केलेलं तरंगतं साधन. विहिरीत पोहायला शिकणाऱ्या पोरांच्या पाठीला असाच भोपळा, नाहीतर पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा ओंडका बांधत. पुढे तेलाचा रिकामा डबा आला, मग प्लास्टिकचा कॅन. पंधरा किलो तेलाच्या डब्यात साधारण साडेसोळा लिटर जागा असते. एवढा डबा साठ किलोच्या माणसाला कसा पुरतो? कारण पाण्यात बुडालेलं शरीर आपला भार जवळजवळ स्वतःच पेलतं. डब्याला उचलायचं असतं फक्त पाण्याबाहेर राहिलेलं डोकं, म्हणजे चार-पाच किलो.

फळीवर उभं राहिलं की ही सवलत संपते. सगळं शरीर हवेत, सगळं वजन फळीवर. विंडसर्फिंगचा इतिहास मला म्हणूनच आवडतो. इंग्लंडच्या हेलिंग बेटावर 1958 साली पीटर चिल्व्हर्स नावाच्या बारा वर्षांच्या मुलाने फळीवर शीड चढवलं. अमेरिकेत न्यूमन डार्बीची शिडाची फळी 1965 साली 'पॉप्युलर सायन्स'मध्ये छापून आली. जिम ड्रेक आणि हॉयल श्वाइट्झर यांनी 1968 साली पेटंटसाठी अर्ज केला, ते 1970 साली मिळालं. 1980च्या दशकात इंग्लंडच्या न्यायालयात हे पेटंट टिकलं नाही, आणि त्यात चिल्व्हर्सच्या त्या लहानपणीच्या फळीचा मोठा वाटा होता. मला हा निकाल रास्त वाटतो.

श्वाइट्झरचा बोर्ड बारा फुटी होता, जड आणि ऐसपैस. कोणीही उभं राहावं. मग हवाईतल्या मंडळींना लाटांवर उड्या मारायच्या होत्या. त्यांनी बोर्ड कापत कापत इतके लहान केले की थांबला की माणसासकट बुडतो. अशा बोर्डाला नावच पडलं 'सिंकर'. वेगात असताना पाण्यावर घसरण्याचा जोर त्याला वर धरतो. वारा पडला की संपलं. बोर्ड फुटांऐवजी लिटरमध्ये विकले जाऊ लागले ते यानंतरच्या काळात, आणि ते बरंच झालं.

हिशोब करून बघा. तुमचं वजन 70 किलो, बोर्ड 12, शीड-डोलकाठी-बूम मिळून 10, ओले कपडे आणि लाइफजॅकेट 3. झाले 95. म्हणजे 95 लिटरच्या बोर्डावर तुम्ही उभे राहिलात तर बोर्ड जेमतेम पाण्याच्या पातळीला, पाय ओले, आणि किंचित झुकलात की आडवे. नवशिक्याला पडलेलं शीड दोरीने ओढून पुन्हा उभं करायचं असतं, तेही दर दोन मिनिटांनी. त्यामुळे त्याने वजनात शंभर मिळवावेत: 170 लिटर, आणि रुंद. "मी पोहतो चांगला, मला छोटा चालेल" हे म्हणणं गैरलागू आहे. पोहणाऱ्याचा हिशोब वेगळा, हे डब्यापाशी पाहिलंच.

लिटर फक्त वजनावर ठरत नाहीत, वाऱ्यावरही ठरतात. 2008पासून टोकियोपर्यंत ऑलिम्पिकमध्ये असलेला आरएस:एक्स हा बोर्ड दोनशे लिटरच्या वर आहे, आणि त्यावर उभे राहणारे खेळाडू काही अगडबंब नसतात. मंद वाऱ्यातही शर्यत व्हावी म्हणून तो तसा. भोपाळच्या इबाद अलीने हांगझोच्या आशियाई स्पर्धेत 2023 साली याच प्रकारात कांस्य मिळवलं. गोव्याची कात्या आणि डेन कोएल्हो ही भावंडंही याच खेळातली.

या हिशोबाची दुसरी बाजू खेळाची नाही. 8 ऑगस्ट 2019ला कृष्णेच्या महापुरात, पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला, गाव सोडून निघालेल्या लोकांनी दाटीने भरलेली होडी उलटली. दहाहून अधिक माणसं गेली. पाणी दारात आलेलं असताना होडीत चढणाऱ्याला "तू थांब" कोण म्हणणार? हिशोब पूर येण्याआधी, होडीच्या अंगावर, ठळक आकड्यात लिहिलेला असावा लागतो: इतकी माणसं, बस. टोपलीच्या नावाड्याकडे तो निदान नजरेत होता.

घोटीच्या आसपास पाणी भरपूर: इंग्रजांच्या काळातलं दारणा धरण, पलीकडे वरची वैतरणा, भावली. हे सगळं गोडं पाणी. समुद्राचं खारं पाणी अडीच टक्के जास्त उचलतं. 180 लिटरचा बोर्ड गोव्यात सुमारे 184 किलो पेलतो, दारणेत 180च. फरक चार किलोंचा, म्हणजे वरच्या हिशोबातले ओले कपडे, लाइफजॅकेट, आणि वर किलोभर.