ओळखीचा पोलीस : डीमनपासून भिवंडीपर्यंत

ॲमस्टरडॅमच्या आग्नेय सीमेला लागून असलेले डीमन हे स्वतंत्र नगरपालिकेचे छोटे शहर आहे. कालवे, सायकलींचे रस्ते, विद्यार्थ्यांची निवासस्थाने आणि अलीकडच्या काळात भारतीय कुटुंबांची वाढती वस्ती, असे त्याचे शांत रूप. तथापि नेदरलँड्समधील नागरी हिंसाचाराने गेल्या काही वर्षांत जे वळण घेतले आहे, त्यापासून असे कोणतेही उपनगर पूर्णतः अलिप्त राहिलेले नाही. घराच्या किंवा दुकानाच्या दाराशी जबर क्षमतेचे फटाके अथवा स्फोटके लावून दहशत बसवण्याचे प्रकार देशभर वाढले. २०२४ मध्ये अशा घटनांची संख्या एक हजाराच्या वर गेली. त्याच वर्षी ७ डिसेंबरला हेगमधील टारवेकाम्प येथील स्फोटात सहा जणांचा बळी गेला. अशी कामे अनेकदा किशोरवयीन मुलांना समाजमाध्यमांवरून किरकोळ पैशांत दिली जातात. कोणत्या मुलाच्या हाती अचानक पैसा आला, कोणती मोटार गल्लीत विनाकारण घुटमळते, याची पहिली कुणकुण शेजाऱ्यांनाच लागते. म्हणूनच त्या शेजाऱ्याला पोलिसांशी बोलावेसे वाटते का, या प्रश्नाला अशा गुन्ह्यांच्या बाबतीत विशेष महत्त्व येते.

डच व्यवस्थेने या प्रश्नाला दिलेले उत्तर म्हणजे ‘वाइकआखेंट’, अर्थात वस्ती-पोलीस. १ जानेवारी २०१३ रोजी देशातील प्रादेशिक पोलीस दले एकत्र करून राष्ट्रीय पोलीस दल स्थापन झाले. तेव्हा सत्ता केंद्रात एकवटली, तरी वस्तीशी असलेला धागा तुटू नये म्हणून दर पाच हजार रहिवाशांमागे एक वस्ती-पोलीस हे प्रमाण कायद्यातच घालण्यात आले. हा अधिकारी ठरावीक भागाशी जोडलेला असतो. शाळा, गृहनिर्माण संस्था, मशीद, चर्च, दुकानदार यांच्याशी संपर्क ठेवणे हेच त्याचे मुख्य काम. सार्वजनिक सुव्यवस्थेची जबाबदारी महापौरावर असते आणि महापौर, सरकारी अभियोक्ता व पोलीसप्रमुख यांच्या नियमित त्रिपक्षीय बैठकीत धोरण ठरते. डीमनचे पोलीस ॲमस्टरडॅम विभागात मोडतात. महापौर मात्र शहराचा स्वतःचा आहे.

ही रचना कागदावर असली तरी विश्वास आपोआप निर्माण होत नाही, हा धडा ॲमस्टरडॅमला १९९८ मध्ये मिळाला. शहराच्या पश्चिमेकडील ओव्हरटोमसे फेल्ड या वस्तीत ऑगस्ट अलेबे चौकात मोरोक्कन वंशाचे तरुण आणि पोलीस यांच्यात उघड संघर्ष झाला. त्यानंतर वस्तीतील काही वडीलधाऱ्या मंडळींनी संध्याकाळी गस्त घालण्यास प्रारंभ केला. ‘बुर्टफाडर्स’, म्हणजे ‘शेजारचे वडील’ या नावाने हा उपक्रम ओळखला गेला आणि इतर शहरांनीही त्याचे अनुकरण केले. या वडिलांकडे काठी नव्हती की अटकेचा अधिकार नव्हता. मुलांना घरी पाठवण्याइतका मान आणि पोलिसांशी थेट बोलण्याइतकी ओळख, एवढ्या बळावर ते काम चालले. वर्तनाचे बंधन पोलिसांवरही आहे. सीमेवरील तपासणीसाठी प्रवासी निवडताना वांशिक रूप हा निकष वापरता येणार नाही, असा निकाल हेगच्या अपील न्यायालयाने लष्करी पोलीस दलाविरुद्ध फेब्रुवारी २०२३ मध्ये दिला.

मराठी वाचकाला या साऱ्यात एक ओळखीची खूण दिसेल, कारण महाराष्ट्राने असाच प्रयोग याच्या दशकभर आधी करून पाहिला होता. यंत्रमागांचे शहर असलेली भिवंडी १९७० आणि १९८४ अशा दोन भीषण दंगलींत होरपळली. १९७० च्या दंगलीची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती मादन आयोगाने पोलिसांच्या पक्षपातावर कठोर ताशेरे ओढले होते. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभारल्या. जुन्या शांतता समित्यांत बहुधा पुढारी आणि प्रतिष्ठित असत, आणि त्या सणावाराच्या तोंडावर तेवढ्यापुरत्या भरत. खोपडे यांनी हिंदू व मुस्लिम सामान्य रहिवाशांना एकत्र बसवले आणि पोलीस ठाण्यातील कनिष्ठ कर्मचाऱ्यांनाही त्या कामात गुंतवले. नळाचे पाणी, मुलांची भांडणे, कर्णा, मिरवणुकीचा मार्ग अशा किरकोळ तंट्यांवर तेथे नियमित चर्चा होत असे.

या कामाची कसोटी डिसेंबर १९९२ मध्ये लागली. मुंबई पेटली, श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींत तेथे ९०० माणसे मरण पावली. दोनदा जळलेली, मुंबईपासून जेमतेम चाळीस-पन्नास किलोमीटरवरची भिवंडी मात्र शांत राहिली. खोपडे यांच्यानंतर आलेल्या गुलाबराव पोळ यांनी समित्यांचे काम पुढे चालवले होते, ही गोष्ट येथे महत्त्वाची. मुंबईनेही मग हा मार्ग धरला. ज्युलिओ रिबेरो, तत्कालीन पोलीस आयुक्त सतीश सहानी आणि सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने १९९४ मध्ये मोहल्ला समिती चळवळ सुरू झाली.

तथापि भिवंडीची कथा येथे संपत नाही. जुलै २००६ मध्ये कब्रस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाणे बांधण्यावरून तेथे वाद पेटला. पोलीस गोळीबारात दोन जण ठार झाले आणि त्यानंतर जमावाने दोन पोलीस शिपायांचा जीव घेतला. ज्या शहराने देशाला आदर्श दिला, तेथेच नागरिक व पोलीस एकमेकांच्या जिवावर उठले. तोपर्यंत समित्यांचे काम पुष्कळसे ढिले पडले होते. भिवंडीतील यश एखाद-दोन अधिकाऱ्यांच्या चिकाटीवर उभे होते. त्यांच्या बदलीनंतरही समिती भरलीच पाहिजे, असे बंधन कोणावर नव्हते.

दोन्ही देशांच्या अनुभवांत येथे एक महत्त्वाचा फरक आहे. डच कायद्याने वस्ती-पोलिसाचे पद नेमून दिले, त्यामुळे अधिकारी बदलला तरी खुर्ची राहते. मात्र त्या खुर्चीवरील माणसाला इतर बंदोबस्तासाठी वारंवार हलवले, तर ओळख कागदापुरतीच उरते. भिवंडीत उलट घडले : ओळख घट्ट होती, पण तिला पदाचा आधार नव्हता. टिकाऊ सहकार्याला दोन्ही गोष्टी लागतात, आणि दोन्हींची उभारणी शांततेच्या काळातच करावी लागते. संकटाच्या रात्री अनोळखी गणवेशाला कोणी दार उघडत नाही.

डीमन किंवा ॲमस्टलफेनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी या चर्चेला व्यावहारिक अंग आहे. तीन-चार वर्षांच्या नोकरीसाठी आलेला माणूस भाषेच्या संकोचाने, आणि मायदेशातून आणलेल्या ‘पोलिसांच्या भानगडीत पडू नये’ या संस्काराने बहुधा दूरच राहतो. पोलिसांच्या संकेतस्थळावर पिनकोड टाकला असता आपल्या भागाच्या वस्ती-पोलिसाची माहिती मिळते आणि त्याला थेट संदेशही पाठवता येतो. तातडीच्या प्रसंगी ११२, इतर कामांसाठी ०९००-८८४४, आणि नाव न सांगता माहिती द्यायची असल्यास ०८००-७००० हे क्रमांक आहेत. यांपैकी शेवटची सेवा पोलिसांहून स्वतंत्र असून माहिती देणाऱ्याची ओळख गुप्त ठेवली जाते. गणेशोत्सव किंवा दिवाळीच्या कार्यक्रमाला आपल्या वस्ती-पोलिसाला बोलावणे हे मराठी मंडळांना सहज जमण्यासारखे आहे. भिवंडीच्या समित्यांचे कामही अशाच साध्या भेटीगाठींवर चालले होते.