लाख, रोगण आणि ओतीव राळ

सरकारी नोकरीत हयात घालवलेल्या गृहस्थाला लाखेची ओळख करून देण्याचे कारण नाही. टपालाची पिशवी, तिजोरीचे कुलूप, प्रश्नपत्रिकांचे पुडके, मतपेटी, या सर्वांवर लाल लाखेची मोहोर उठवताना कांडी ज्योतीवर किती वेळ धरावी आणि थेंब कुठे पाडावा, हे ज्ञान कचेरीतल्या जुन्या शिपायाला साहेबापेक्षा अधिक असते. पण त्याच लाखेने आपल्या घरातील शिसवी टेबलाला झळाळी दिली, आपल्या ग्रामोफोनच्या तबकड्या घडवल्या आणि अखेर स्वयंपाकघरातील ओट्यावर आज ओतल्या जाणाऱ्या कृत्रिम राळेला वाट करून दिली, याची जाणीव फारच थोड्यांना असते. आम्ही म्हैसूरकर मराठी मंडळी ज्या गावात राहतो, त्या गावाचा या कहाणीशी जवळचा संबंध आहे. म्हणून ती येथे सांगण्याचे योजिले आहे.

लाख ही मुळात एका क्षुद्र कीटकाची करणी. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर हे किडे लक्षावधींच्या संख्येने बसतात, रस शोषतात आणि स्वतःभोवती राळेचे कवच रचतात. ते खरवडून, धुऊन, वितळवून आणि पातळ ताणून केलेल्या पापुद्र्यांना चपडी म्हणतात. आपल्या पूर्वजांना लाखेचा गुण आणि दोष दोन्ही ठाऊक होते. पांडवांसाठी कौरवांनी लाक्षागृह बांधविले, ते लाख चटकन पेट घेते म्हणूनच. याच लाखेचे रंगीत लेप कातकामाच्या खेळण्यांवर आणि पाळण्याच्या दांड्यांवर चढवून सावंतवाडीच्या कारागिरांनी नाव मिळवले. तेथील गंजिफा तर आजही रसिकांच्या संग्रही आहेत. म्हैसुरातही गंजिफेला राजाश्रय होता. तिसरे कृष्णराज वोडेयर (१७९४ ते १८६८) या विद्याव्यासंगी राजाने गंजिफेचे नवे नवे खेळ रचले आणि त्यांची वर्णने ‘श्रीतत्त्वनिधि’ या आपल्या ग्रंथात घातली. कोकणातील एक लहानसे मराठी संस्थान आणि कावेरीकाठचे हे कानडी राज्य यांना जोडणारा हा चिमुकला रंगीत दुवा आम्हांस मोठा लोभस वाटतो.

म्हैसुरातील लाकूडकामाच्या आधुनिक इतिहासाला मात्र एका आगीने कलाटणी दिली. फेब्रुवारी १८९७ मध्ये राजकन्या जयलक्ष्मम्मण्णी यांच्या विवाहसोहळ्याच्या दिवसांत जुन्या लाकडी राजवाड्याने पेट घेतला आणि तो जळून गेला. राजा अल्पवयीन होता. राज्यकारभार महाराणी वाणीविलास सन्निधान यांच्या हाती होता. त्यांनी हेन्री आयर्विन या वास्तुशिल्पज्ञाकडे नव्या वाड्याचे काम सोपविले. १९१२ साली ते पुरे झाले आणि खर्च सुमारे साडेएकेचाळीस लाख रुपये आला. आगीचा धडा घेऊन बांधणीत दगड, वीट आणि लोखंड यांवर भर दिला गेला. तरीही लाकडाला निरोप मिळाला नाही. अंबाविलास दालनाचे हस्तिदंत जडविलेले शिसवी दरवाजे आजही प्रवाशांस थांबवून धरतात. वाचकांच्या अभिमानासाठी एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. वाडा पुरा होण्याच्या वेळी, १९०९ ते १९१२ या काळात, म्हैसूरचे दिवाण टी. आनंदराव हे होते. ते तंजावरी मराठी घराण्यातले. त्रावणकोर, इंदूर व बडोदे या तिन्ही संस्थानांची दिवाणगिरी गाजविणारे सर टी. माधवराव हे त्यांचे वडील. परमुलखी चाकरी करणाऱ्या मराठी माणसांची परंपरा आपल्यापासून सुरू झालेली नाही, एवढे यावरून कळावे.

शिसवीच्या जडावकामात लाकडाच्या फळीवर नक्षी कोरून त्या खाचेत दुसऱ्या रंगाचा तुकडा बसवायचा, सरसाने पक्का करायचा, घासून एकसपाट करायचा आणि शेवटी झिलई द्यायची, असा क्रम असतो. पूर्वी तुकडे हस्तिदंताचे असत. वन्यजीव संरक्षणाच्या कायद्यात १९८६ व १९९१ साली झालेल्या सुधारणांनंतर हस्तिदंताचा व्यापार बंद झाला आणि कारागिरांनी रंगीबेरंगी लाकडे व कृत्रिम द्रव्ये पत्करली. ते योग्यच झाले. या साऱ्या कामात हात सर्वांत अधिक कुठे लागतो म्हणाल, तर घासण्यात. लेप चढवणारा हात दिसतो, घासणारा दिसत नाही. पण पृष्ठभागाचे भले-बुरे घासणाऱ्याच्या हाती असते. हे सूत्र वाचकांनी ध्यानी ठेवावे. पुढे त्याचे प्रयोजन आहे.

चपडी स्पिरिटमध्ये विरघळवून मलमलीच्या फडक्यात बांधलेल्या कापसाच्या गुंडीने लाकडावर थरावर थर चढवणे, हे स्पिरिट पॉलिश युरोपात एकोणिसाव्या शतकात मान्यता पावले आणि साहेबाबरोबर आपल्या बंगल्यांतही आले. त्याआधी चंद्रस तेलात शिजवून केलेले रोगण आपल्याकडे परिचित होतेच. चपडीच्या पॉलिशचा मोठा गुण असा, की ते कितीही जुने झाले तरी स्पिरिटमध्ये पुन्हा विरघळते. नवा हात जुन्या हातात मिसळून जातो, सांधा दिसत नाही. टेबलाला खोक पडली, तर लाखेचीच कांडी वितळवून ती भरावी, घासावी आणि वरून गुंडी फिरवावी. गरम पेल्याचे पांढरे वर्तुळ उमटले, तरी स्पिरिटच्या अल्प स्पर्शाने ते बहुधा जाते. बदलीच्या प्रत्येक गाडीत सामानावर चार ओरखडे उठणाऱ्या आमच्यासारख्यांच्या घरी ही क्षमाशील वृत्ती केवढी उपकारक ठरली! पुण्यात बनलेले टेबल धारवाड, नागपूर, दिल्ली अशी गावे फिरून पन्नास वर्षांनी नातवाच्या अभ्यासाला येते, ते या गुणामुळे.

१९३७ साली, चौथे कृष्णराज वोडेयर गादीवर आणि सर मिर्झा इस्माईल दिवाण असताना, म्हैसुरात ‘म्हैसूर लॅक अँड पेंट वर्क्स’ हा कारखाना निघाला. आसपासच्या अरण्यांतील लाखेला गिऱ्हाईक आणि स्थानिक हातांना काम, असा त्यामागील हिशेब होता. मोहोरेची लाख व रंग-रोगण येथे होऊ लागले. स्वातंत्र्यानंतर तो सरकारी उपक्रम झाला, आणि १९८९ पासून त्यास ‘म्हैसूर पेंट्स अँड वार्निश’ हे नाव मिळाले. या कारखान्याची खरी कीर्ती मात्र निराळ्याच पदार्थाने झाली. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून मतदाराच्या बोटास लागणारी न पुसणारी शाई येथेच होते. तिचे सूत्र दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचे. तिच्यातील सिल्व्हर नायट्रेट कातडीवर काळा डाग उमटवते आणि तो धुऊन जात नाही. ज्या कारखान्याने डागरहित झिलई देण्यासाठी जन्म घेतला, तो डाग टिकवण्याच्या विद्येवर तगून राहिला, ही इतिहासाची थट्टाच म्हणावी लागेल.

लाखेवर हा प्रसंग का आला? एके काळी जगाला लाख पुरवणारा मुख्य देश हिंदुस्थान होता. १९२४ साली रांचीजवळ नामकुम येथे लाख संशोधनाची संस्था निघाली, त्यावरूनच या व्यापाराचे वजन कळते. बालगंधर्वांची पदे ज्या तबकड्यांवरून आपल्या आजोबांनी ऐकली, त्या तबकड्यांतही लाख होती. पण मागणी वाढली तसा पर्यायाचा शोधही वाढला. बेल्जियममध्ये जन्मलेला, अमेरिकेत स्थायिक झालेला रसायनज्ञ लिओ बेकलंड लाखेला पर्याय शोधीत होता. १९०७ साली त्याच्या हाती बेकेलाइट लागले. १९४८ नंतर तबकड्या व्हिनाइलच्या झाल्या आणि लाखेचे एक मोठे गिऱ्हाईक तुटले. याच सुमारास आणखी एक राळ पुढे आली, ती एपॉक्सी. स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्तां हा दंतवैद्यकाची द्रव्ये बनवणाऱ्या एका पेढीत काम करीत होता. किडलेला दात भरण्याजोगे, घट्ट होताना न आकसणारे द्रव्य त्याला हवे होते. अमेरिकेत सिल्व्हन ग्रीनली हा रोगणाच्या बाजूने त्याच मुक्कामाला पोचला. १९४६ साली सीबा या स्विस कंपनीने ही राळ ‘अॅराल्डाइट’ या नावाने बाजारात आणली, आणि पुढे ती आपल्याकडील घराघरांत फुटक्या कपबश्या सांधू लागली. दात भरण्याच्या खटाटोपातून निघालेले द्रव्य आज जुन्या ओट्यांवर आणि लाकडी फळ्यांवर ओतून आरशासारखा पृष्ठभाग करतात. हौशी मंडळी तो घरच्या घरी ओतू लागली आहेत, आणि त्याबरोबर त्याचे दोषही घरोघर आले आहेत.

लाख आणि ही राळ यांतील भेद समजल्याशिवाय दुरुस्ती साधणार नाही. एपॉक्सीचे दोन भाग असतात, राळ आणि बाजारात ज्याला हार्डनर म्हणतात ते द्रव्य. दोन्ही एकत्र येताच रासायनिक क्रिया सुरू होते, उष्णता सुटते आणि रेणू एकमेकांत जाळ्यासारखे गुंफले जातात. एकदा हे जाळे विणले, की ते कोणत्याही स्पिरिटने उकलत नाही. म्हणजे येथे नवा थर जुन्यात विरघळून मिसळत नाही, त्याला केवळ पकड धरता येते. ती पकड काचकागदाच्या ओरखड्यांतून मिळते. लाखेत क्षमा द्रव्याच्या ठायी होती, एपॉक्सीत ती कारागिराच्या श्रमांतून आणावी लागते.

आता दोषांची जंत्री. पहिला दोष चिकटपणा. तीन दिवस लोटूनही ओटा बोटाला चिकटत असेल, तर प्रमाण चुकले किंवा कालवणे अपुरे झाले, असे समजावे. कुणाचे प्रमाण एकास एक, कुणाचे दोनास एक असते. ‘थोडे हार्डनर जास्त घालू म्हणजे लवकर वाळेल’ हा तर्क चुन्याच्या घाणीत चालेल, येथे नाही. असा चिकट भाग वरून नवा थर देऊन सुधारत नाही. तो खरवडून काढावा, स्पिरिटने पुसावा आणि मगच पुन्हा ओतावे. दुसरा दोष बुडबुडे व सुईएवढी छिद्रे. लाकडाच्या किंवा दगडाच्या छिद्रांतील हवा वर येते, म्हणून आधी पातळ थराने छिद्रे बुजवावी लागतात. राहिलेले बुडबुडे चाकूच्या टोकाने उघडून, काडीने थेंब थेंब राळ किंचित उंच भरावी आणि घट्ट झाल्यावर घासून सपाट करावी. तिसरा दोष माशाच्या डोळ्यासारखे खळगे. पृष्ठभागावर तेल वा मेण राहिले, की राळ तेथून मागे सरते. आपल्या स्वयंपाकघरात फोडणीचा अंश कुठे नसतो! चौथा, पावसाळी हवेत वर येणारा मेणचट, धुरकट पापुद्रा. तो प्रथम कोमट पाण्याने व साबणाने धुवावा. न धुता घासल्यास तो अधिकच पसरतो. पाचवा दोष म्हणजे धूळ व केस, याला दार-खिडक्यांचा बंदोबस्त हाच उपाय.

दोष एका कोपऱ्यात असला तरी लहान ठिगळ उन्हात उठून दिसते. म्हणून खळगे भरून झाल्यावर सबंध ओटा २२० क्रमांकाच्या काचकागदाने असा घासावा, की कुठेही चकाकी उरू नये. धूळ ओल्या फडक्याने टिपावी, स्पिरिटने पुसावे, कोरडे होऊ द्यावे आणि एक पातळ थर ओतावा. जाड ओतण्याचा मोह धरू नये. जाड थर स्वतःच्याच उष्णतेने पिवळटतो, प्रसंगी तडकतो. हातमोजे, मुखपट्टी आणि मोकळी हवा यांत हयगय करू नये, कारण हार्डनरच्या स्पर्शाने कातडीला कायमची अॅलर्जी जडू शकते आणि घासताना उडणारा भुगा छातीला अपाय करतो. ओटा चालू झाल्यावरही चुलीवरचा तवा त्यावर थेट टेकवू नये. ही राळ तापली की मऊ पडते. हळदीचा डाग पडलाच, तर घाबरू नये. ऊन हळदीचा रंग उडवते. मात्र तेच ऊन रोज लागले तर राळेलाही पिवळेपण आणते.

एवढ्या तपशिलात शिरण्याचे कारण केवळ गृहोपयोगी नाही. अलीकडे वस्तू बिघडली की टाकावी, ही वृत्ती बळावली आहे, आणि बदलीच्या नोकरीत तर तिला सबबही आयती मिळते. ‘पुढच्या गावी नवे घेऊ’ हे वाक्य आमच्या घरांतून वरचेवर ऐकू येते. पण टाकलेले शिसवी टेबल पुन्हा स्पिरिटच्या हाताने उजळते, टाकलेली एपॉक्सी मात्र कुजत नाही आणि विरघळतही नाही. तेव्हा तिचा दोष दुरुस्त करणे हा काटकसरीचा प्रश्न उरत नाही, कर्तव्याचा होतो. शिवाय दुरुस्ती टाकली की दुरुस्ती जाणणारा माणूसही आपण टाकतो. म्हैसुरात जडावकाम करणारे हात अजून आहेत. काचकागद केव्हा बदलावा हे ते बोटाच्या स्पर्शाने सांगू शकतात, आणि ते ज्ञान लाखेला जेवढे लागू तेवढेच नव्या राळेलाही लागू पडते. द्रव्य बदलले, मूळ विद्या बदलली नाही. म्हणून जेथे बदली होईल, तेथील असा एखादा कारागीर हुडकून त्याच्या हाताखाली आपल्या मुलांना एक दिवस बसवावे, अशी आमची वाचकांस विनंती आहे.